सकाळी चालतं, संध्याकाळी पहिल्याच किटलीला अडकतं : रिकाम्या वेळेत मरणाऱ्या कनेक्शनचं निवारण

तक्रार साधारण याच शब्दांत येते : "सकाळचं सगळं व्यवस्थित गेलं, आता पहिल्याच किटलीला अडकलंय बघा." पडद्यावर 'पाठवत आहे' एवढंच दिसतं. संस्थेचे सचिव पाच-दहा मिनिटं वाट बघतात, प्रोग्रॅम बंद करून परत चालू करतात आणि मग पाळी संपेपर्यंत काही कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक असतो. गावात काटा, फॅट मशीन आणि त्यांना जोडलेला संगणक; शहरात किंवा क्लाऊडवर सर्व्हर; आणि दोघांमध्ये दिवसभर उघडं ठेवलेलं एक टीसीपी कनेक्शन (टीसीपी म्हणजे नेटवर्कवर बाइट क्रमाने पोहोचवायची नेहमीची पद्धत). याच तक्रारीची आणखी दोन भावंडं आहेत, पण ती वेगळी समजली जातात. एक : दर दोन दिवसांनी सर्व्हर नवीन कनेक्शन घेणं बंद करतो आणि रीस्टार्ट करावा लागतो. दुसरं : गगनबावड्याकडच्या एखाद्या केंद्राची रेंज गेली की करवीर, कागलच्या केंद्रांचंही काम थांबतं. तिन्हींचं मूळ एकच आहे. कनेक्शन मेलं आहे हे कोणालाच कळलेलं नाही.

कनेक्शन म्हणजे दोन टोकांच्या आठवणी

टीसीपी कनेक्शन म्हणजे ताणून बांधलेली तार नव्हे. दोन्ही टोकांच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एकेक नोंद असते : कोणाशी बोलणं चालू आहे, कितवा बाइट पोहोचला, कितव्याची वाट आहे. बोलणं थांबलं की एकही पॅकेट जात नाही, आणि टीसीपीच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. १९८१ सालच्या मूळ मानकातही शांत कनेक्शनला मुदत नव्हती. समोरचा गप्प आहे की मेला आहे, हे नुसतं ऐकून कळण्याची सोयच नाही.

पण मधल्या राऊटरला मुदत असते. गावातला संगणक मोबाइल डेटावर किंवा स्थानिक केबलवाल्याच्या फायबरवर चालतो, आणि पुष्कळदा त्याच्या राऊटरला मिळणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असतो. असा पत्ता दिसला की समजावं, कंपनीच्या पातळीवर आणखी एक नॅट (अनेकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देणारी यंत्रणा) बसलेलं आहे. नॅटच्या तक्त्यात प्रत्येक कनेक्शनची ओळ असते आणि वापर नसला की ती पुसली जाते. चालू टीसीपी कनेक्शनची ओळ २ तास ४ मिनिटांच्या आत पुसू नये असं २००८ सालचं मानक सांगतं. प्रत्यक्षात मोबाइल नेटवर्कवर ती काही मिनिटांतही जाते. सकाळची पाळी आठ-साडेआठला संपते, संध्याकाळची पाच-साडेपाचला सुरू होते. मधल्या आठ-नऊ तासांत ओळ टिकण्याची आशा धरू नये.

मग संध्याकाळी पहिली नोंद पाठवताना काय होतं? सेंड, म्हणजे प्रोग्रॅमने दिलेला पाठवण्याचा हुकूम, लगेच 'यशस्वी' म्हणून परत येतो, कारण त्याने बाइट फक्त कर्नलच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाकलेले असतात. इथेच बहुतेक प्रोग्रॅम फसतात : सेंड परत आला याचा अर्थ 'पोहोचलं' असा घेतला जातो. पुढे कर्नल पॅकेट पाठवतो, नॅटला ओळखीची ओळ सापडत नाही, आणि दोनांपैकी एक गोष्ट घडते. नॅटने नवा पोर्ट देऊन पॅकेट पुढे ढकललं, तर सर्व्हरला ते अनोळखी वाटतं, तो रीसेट पाठवतो आणि क्लायंटला, म्हणजे केंद्रातल्या प्रोग्रॅमला, 'कनेक्शन रीसेट' अशी चूक लगेच मिळते. हा नशिबाचा भाग. नॅटने पॅकेट गुपचूप टाकून दिलं, तर क्लायंटचा कर्नल तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लिनक्सवर अशा १५ फेऱ्या होतात, दर फेरीला थांबण्याचा काळ दुप्पट होत २ मिनिटांपर्यंत जातो, आणि एकूण किमान ९२४.६ सेकंद लागतात. म्हणजे साडेपंधरा मिनिटं. एवढा वेळ रांगेत कोणी उभं राहत नाही, म्हणून त्याआधीच प्रोग्रॅम बंद केला जातो. त्यामुळे खरी चूक लॉगमध्ये कधी उमटतच नाही, आणि लॉग कोरा बघून नेटवर्कवर काही नाही असा निष्कर्ष निघतो.

सर्व्हरच्या बाजूला याहून वाईट अवस्था असते. पाळी संपल्यावर केंद्रात थेट मेन स्विच बंद होतो किंवा लाईट जाते. निरोपाचं पॅकेट जातच नाही. सर्व्हर रिसीव्हवर, म्हणजे पुढचा डेटा येण्याची वाट बघत, थांबलेला असतो. त्याला स्वतःहून काही पाठवायचं नसेल, तर तो आठवडाभरसुद्धा तसाच थांबेल.

आकडे मांडून बघा. ३०० केंद्रं आहेत असं धरू. पहिल्या सकाळी ३०० कनेक्शन. संध्याकाळी जुनी ३०० मेलेली, नवी ३००, मिळून ६००. दुसऱ्या सकाळी ९००. दुसऱ्या संध्याकाळी १,२०० व्हायला जातात, पण लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फाइलींची नेहमीची मर्यादा १,०२४ आहे आणि सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमच्या हातातलं कनेक्शनचं टोक, हाही त्यातच मोजला जातो. दर दोन दिवसांनी रीस्टार्ट का लागतो, याचं उत्तर हेच आहे. त्या क्षणी सर्व्हरचा सीपीयू १०० टक्क्यांवर गेलेला दिसला तर गोंधळू नका. ॲक्सेप्ट (नवं कनेक्शन स्वीकारणं) अपयशी ठरतं, कनेक्शन रांगेतच राहतं, ईपोल (काही आलं की प्रोग्रॅमला उठवणारी लिनक्सची सोय) लगेच परत जागं करतं, आणि हे चक्र फिरत राहतं.

ही मर्यादा ६५,५३५ करणं हा उपाय नाही. त्याने रीस्टार्ट दोन दिवसांऐवजी काही महिन्यांवर जातो, आणि तोवर ही गोष्ट सगळे विसरलेले असतात. रात्री दोनला आपोआप रीस्टार्ट लावणं हाही उपाय नाही.

नेमकं कुठे मेलं, ते बघा

अंदाजाने टाइमआउटचे आकडे वाढवण्याआधी अर्धा तास बघण्यात घालवा. अडकलेल्या अवस्थेत, प्रोग्रॅम बंद न करता, केंद्रातल्या लिनक्स मशीनवर एसएस ही कनेक्शनची यादी दाखवणारी आज्ञा टी, एन आणि ओ हे पर्याय देऊन चालवा. ओ मुळे टायमर दिसतो. टायमरचं नाव 'ऑन' असेल आणि शेवटचा आकडा ५, ६, ७ असा वाढत असेल तर पुनर्प्रेषण चालू आहे, म्हणजे पॅकेट जातंय पण पोचपावती येत नाही. टायमर 'कीपअलाइव्ह' असेल तर कनेक्शन शांत आहे आणि समोरचा जिवंत आहे का याची कर्नलची तपासणी लागलेली आहे. टायमरच नसेल तर कीपअलाइव्ह बंद आहे. सॉकेटवर ते मुळात बंदच असतं. मागितल्याशिवाय चालू होत नाही.

त्याच वेळी दोन्ही टोकांना टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारा प्रोग्रॅम) लावा. एका टोकाच्या नोंदीवरून काही ठरवू नका. त्यावरून असं वाचायचं :

क्लायंटकडे एकच क्रमांक पुन्हा पुन्हा जातोय आणि सर्व्हरकडे काहीच नाही : मधल्या नॅटने किंवा फायरवॉलने ओळ पुसली.

सर्व्हरकडे पॅकेट येतंय, पण वेगळ्या पोर्टवरून, आणि सर्व्हर रीसेट देतोय : नॅटने नवी ओळ दिली.

सर्व्हरचा कर्नल पोचपावती देतोय, पण प्रोग्रॅमचं उत्तर नाही, आणि सर्व्हरवर एसएसमधला रिसीव्ह-क्यू (आलेल्या पण न वाचलेल्या बाइटांचा आकडा) वाढत चाललाय : नेटवर्क निर्दोष आहे, तुमचा सर्व्हर वाचत नाही.

तिसरी अवस्था दिसली तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी सर्व्हरचे थ्रेड (प्रोग्रॅममधले समांतर चालणारे कामाचे धागे) बघा. बहुतेक वेळा एकाच थ्रेडमधून सगळ्या केंद्रांना दरपत्रक पाठवणारा लूप सापडतो. एखाद्या मेलेल्या केंद्राचा सेंड-बफर भरतो, त्या सेंडवर लूप थांबतो, आणि बाकीची २९९ केंद्रं त्याच्यामागे ताटकळतात. 'एकाची रेंज गेली की सगळ्यांचं थांबतं' ती हीच गोष्ट. उपाय : प्रत्येक कनेक्शनला स्वतःची बाहेर जाणारी रांग द्या, रांगेला मर्यादा घाला, सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (बफर भरला तरी सेंडवर थांबून न राहणारा) ठेवा; रांग भरली की ते कनेक्शन तोडा. मर्यादेशिवाय रांग ठेवलीत तर अडकणं थांबेल आणि मेमरी भरायला लागेल.

कर्नलचे आकडे

लिनक्सवर कीपअलाइव्ह चालू केलं तरी मूळ आकडे असे आहेत : ७,२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ तपासण्या. म्हणजे मेलेलं कनेक्शन कळायला २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. दोन तासांचा आकडा १९८९ सालच्या मानकातून आला आहे, तेव्हा दर पॅकेटला पैसे मोजणारी नेटवर्क होती. आपल्याला तो चालत नाही. सगळ्या यंत्रणेची सेटिंग बदलण्यापेक्षा प्रत्येक सॉकेटवर आकडे द्या : शांतता ३० सेकंद, अंतर १०, तपासण्या ३.

एवढ्यावर थांबलात तर संध्याकाळची तक्रार तशीच राहील, आणि कीपअलाइव्ह चालतच नाही असं वाटेल. कारण पाठवलेला डेटा पोचपावतीविना लटकलेला असेल तेव्हा लिनक्स कीपअलाइव्ह तपासतच नाही; तिथे पुनर्प्रेषणाचा टायमर राज्य करतो, तोच साडेपंधरा मिनिटांचा. त्यासाठी टीसीपी यूजर टाइमआउट हा वेगळा पर्याय लावावा लागतो. तो मिलिसेकंदांत असतो, ५५,००० ठेवा. उत्साहाने तो १०,००० करू नका. लिनक्सवर हा पर्याय लावला की कीपअलाइव्हच्या तपासण्यांची संख्याही त्याच्यापुढे गौण ठरते : ३० सेकंद शांततेनंतरची पहिली तपासणी एकदा हरवली की १० सेकंदांत कनेक्शन तोडलं जातं. राधानगरीच्या डोंगरात पावसाळ्यात एखादं पॅकेट हरवणं ही रोजची बाब आहे. म्हणून हा आकडा शांतता अधिक सगळ्या तपासण्या यांच्या बेरजेपेक्षा किंचित कमी असावा. आपली बेरीज ६० सेकंद आहे, म्हणून ५५.

विंडोजवर कीपअलाइव्हची शांतता दोन तासच, पण पुढच्या तपासण्या १ सेकंदाच्या अंतराने होतात, आणि पुनर्प्रेषणाच्या फेऱ्याही लिनक्सपेक्षा बऱ्याच कमी. म्हणून विंडोज असलेल्या केंद्रात चूक लवकर वर येते. एकाच गावात एका मशीनवर 'अडकतं' आणि दुसऱ्यावर 'एरर येते' असं ऐकलं तर दोन वेगळे बग शोधत बसू नका.

प्रोग्रॅमिंगच्या भाषांचेही काही खड्डे आहेत. गो या भाषेत रीड डेडलाइन हा ठरावीक क्षण असतो, मुदत नव्हे. प्रत्येक वाचनाआधी तो नव्याने द्यावा लागतो, नाहीतर चांगलं चालणारं कनेक्शन ठरावीक वेळाने तुटत राहतं. नोडमध्ये सॉकेटचा टाइमआउट फक्त घटना कळवतो, सॉकेट बंद करत नाही. ते तुम्हाला करायचं आहे. जावातला सॉकेट टाइमआउट वाचनापुरता आहे, लिहिण्याला त्याचा उपयोग नाही. सी किंवा सी++ मध्ये सर्व्हर लॉगशिवाय अचानक नाहीसा होत असेल तर बंद झालेल्या सॉकेटवर लिहिल्यामुळे आलेला सिगपाइप सिग्नल बघा.

प्रोग्रॅमचा स्वतःचा ठोका

कीपअलाइव्हने समोरचा कर्नल जिवंत आहे एवढंच कळतं. सर्व्हरचा प्रोग्रॅम डेडलॉकमध्ये (थ्रेड एकमेकांची वाट बघत बसण्यात) अडकला असला तरी कर्नल इमानेइतबारे उत्तर देत राहतो. मध्ये एनजिनएक्ससारखा मध्यस्थ सर्व्हर किंवा काम अनेक सर्व्हरांत वाटणारा लोड बॅलन्सर असेल तर तपासणी तिथवरच जाते, पलीकडे नाही. एनजिनएक्सची प्रॉक्सी-रीड मुदत मुळात ६० सेकंद आहे, ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची शांततेची मुदत ६०, नेटवर्क लोड बॅलन्सरची ३५०. पहिल्या दोघांना खरे बाइट लागतात, कर्नलच्या तपासण्या ते मोजत नाहीत. 'बरोबर एका मिनिटाने तुटतं' अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

म्हणून ठोका प्रोग्रॅमने द्यायचा. क्लायंटने दर २५ सेकंदांनी छोटा संदेश पाठवावा आणि सर्व्हरच्या मुख्य लूपने त्याला उत्तर द्यावं. नुसता ठोका वाजवणाऱ्या वेगळ्या थ्रेडने उत्तर दिलं तर मुख्य काम अडकल्याचं पुन्हा लपेल. १० सेकंदांत उत्तर नाही आलं तर आणखी एक ठोका. त्यालाही १० सेकंदांत उत्तर नाही, तर सॉकेट बंद. सर्व्हरनेही उलट बाजूने ९० सेकंदांत कोणाकडून काहीच आलं नाही तर ते कनेक्शन सोडून द्यावं. सुरुवात क्लायंटने करावी, कारण नॅट त्याच्या बाजूला आहे आणि आतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटने त्याची ओळ हमखास ताजी होते.

डेटाची काळजी करू नका. जाणं-येणं आणि पोचपावत्या धरून एका ठोक्याला सव्वादोनशे बाइट लागतात असं माना. दिवसाला ३,४५६ ठोके, म्हणजे पावणेआठ लाख बाइट, महिन्याला साधारण २३ एमबी.

वेबसॉकेट (ब्राउझरलाही वापरता येणारं सतत उघडं कनेक्शन) वापरत असाल तर त्यात पिंग-पाँग मुळातच आहे, पण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवता येत नाही. तिथे साधा संदेशच ठोका म्हणून वापरा.

आणि एक प्रश्न आधीच विचारून टाका : कनेक्शन दिवसभर उघडं ठेवायची गरज आहे का? सर्व्हरला स्वतःहून काही कळवायचं नसेल आणि केंद्राने फक्त नोंदी पाठवायच्या असतील, तर साधी एचटीटीपी विनंती पुरते आणि यातला निम्मा व्याप वाचतो. फक्त एचटीटीपी लायब्ररी मागच्या कनेक्शनचा साठा धरून ठेवते हे विसरू नका. दुपारभर साठ्यात पडलेलं कनेक्शन संध्याकाळी वापरलं की पुन्हा तोच अडथळा. क्लायंटच्या साठ्याची मुदत सर्व्हरच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. एनजिनएक्सची ती मुदत ७५ सेकंद आहे, पण नुसत्या नोड सर्व्हरची ५ सेकंद. तिथे अधूनमधून येणारा 'कनेक्शन रीसेट' यातूनच निघतो.

पुन्हा जोडणं, आणि दूध दोनदा लागणं

कनेक्शन तुटल्याचं लवकर कळायला लागलं की खरी जबाबदारी सुरू होते. पुन्हा जोडताना १, २, ४, ८ असं करत ६० सेकंदांपर्यंत थांबा, आणि प्रत्येक वेळी शून्य ते तो आकडा यांतला यादृच्छिक वेळ निवडा. सर्व्हर संध्याकाळी सहाला रीस्टार्ट झाला तर ३०० केंद्रं एकाच सेकंदाला दारात येतात. टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) बोलणी महाग असतात, काहींना वेळेत उत्तर मिळत नाही, ती परत एकाच वेळी येतात. जुन्या लिनक्स कर्नलवर ॲक्सेप्टच्या रांगेची कमाल मर्यादा १२८ होती, ५.४ पासून ४,०९६ झाली. पण प्रोग्रॅमने लिसनला लहान आकडा दिला असेल तर तोच लागू होतो. थांबण्याचा काळ परत १ सेकंदावर आणायचा तो लॉगिनला उत्तर मिळाल्यावर, नुसतं जोडलं गेल्यावर नाही. नाहीतर लॉगिन नाकारणाऱ्या सर्व्हरला क्लायंट सेकंदाला एकदा धडकत राहतो.

त्याच केंद्राने नव्याने लॉगिन केलं की जुनं कनेक्शन तोडा. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली : ओळख संस्थेच्या कोडवर ठेवली जाते. मोठ्या संस्थेत गायीचं आणि म्हशीचं दूध वेगळ्या काट्यांवर घेतलं जातं, दोन मशीन एकाच कोडने येतात आणि एकमेकांना दर काही सेकंदांनी बाहेर काढत राहतात. ओळख मशीनच्या कोडवर ठेवा. दुसरी : जुन्या कनेक्शनची आवराआवर उशिरा होते आणि ती यादीतून त्या केंद्राची नोंद काढते, म्हणजे नुकतीच आलेली नवी नोंदच उडते. मग केंद्र जोडलेलं दिसतं, पण त्याला दरपत्रक मिळत नाही. यादीतून काढण्याआधी तिथली नोंद याच कनेक्शनची आहे का, हे त्याच लॉकमध्ये तपासा.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. क्लायंटने नोंद पाठवली, सर्व्हरने ती साठवली, आणि पोचपावती परत येताना कनेक्शन मेलं. क्लायंटला वाटतं गेली नाही, तो परत पाठवतो. सभासदाच्या नावावर तेच ६ लिटर दोनदा लागतं. उलट, पुन्हा पाठवायचंच नाही असं ठरवलं तर कोणाचं तरी दूध बुडतं. हे लोकांच्या घामाचे पैसे आहेत. दोन्ही चुका चालणार नाहीत.

प्रत्येक नोंदीला वजन पक्कं होताच स्वतःचा क्रमांक द्या आणि पाठवण्याआधी तो नोंदीसह डिस्कवर लिहा. सभासद कोड, तारीख आणि पाळी जोडून क्रमांक करू नका. एकच सभासद एका पाळीत गाय आणि म्हैस दोन्हींचं घालतो, आणि विसरलेली अर्धी किटली घेऊन परतही येतो. मशीनचा कोड आणि कधीही मागे न जाणारा अनुक्रमांक, किंवा सरळ यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक), हे बरं. सर्व्हरच्या टेबलमध्ये त्यावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारी अट) लावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर चूक कळवू नका, 'मिळालं' म्हणा. नाहीतर क्लायंट ती नोंद कायम पाठवत राहील आणि मागची रांग तुंबेल. क्लायंटने रांगेतून नोंद काढायची ती सर्व्हरच्या प्रोग्रॅमचं 'मिळालं' आल्यावरच.

डिस्कवर लिहायला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो. त्याचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) वापरत असाल तर सिंक्रोनसची सेटिंग नॉर्मल नको, फुल ठेवा. नॉर्मलमध्ये अचानक लाईट गेली तर फाइल बिघडत नाही, पण शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. पावसाळ्यात इन्व्हर्टरची बॅटरी कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

एवढं केलं की सचिवांच्या पडद्याचाही नेटवर्कशी संबंध तुटतो. पावती डिस्कवरच्या नोंदीवरून छापायची, पाठवणं मागे चालू राहील. कोपऱ्यात 'बाकी नोंदी : ४' एवढं दिसलं की पुरे.

सारखेच दिसणारे दोन वेगळे आजार

लॉगिन होतं, छोट्या नोंदी जातात, पण सभासदांची यादी मागितली की अडकतं, आणि हे पाळीच्या मध्यातही होतं? मग हा निष्क्रिय कनेक्शनचा प्रश्न नव्हे, पॅकेटच्या आकाराचा आहे. पीपीपीओई (लॉगिन करून जोडायची पद्धत) वापरणाऱ्या फायबरवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १,५०० नसून १,४९२ असतो. 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपी निरोप एखाद्या फायरवॉलने अडवला तर मोठी पॅकेटं नुसती गिळली जातात. तुकडे न करण्याची खूण लावून पिंग करा : १,४६४ बाइट गेले आणि १,४७२ गेले नाहीत तर निदान पक्कं. राऊटरवर एमएसएस क्लॅम्पिंग करून पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा १,४५२ करा.

दुसरा आजार मराठी नावांचा. 'जेसन (संदेश मांडायची मजकुराची पद्धत) वाचता आलं नाही' अशा अर्थाची चूक कधी येते, कधी नाही, आणि इंग्रजी नावं असलेल्या चाचणी डेटावर कधीच येत नाही. टीसीपीला संदेश ठाऊक नाही, फक्त बाइटांचा ओघ ठाऊक आहे. काट्याकडून सिरियल पोर्टवर येणारं वजन जसं तुकड्यांनी येतं तसंच. म्हणून संदेशाच्या आधी ४ बाइटांत लांबी लिहितात. ती लांबी अक्षरांत मोजली की घोटाळा होतो. 'कोल्हापूर' हा शब्द जावाच्या लेंग्थला ९ दिसतो, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे २७. समोरचा ९ बाइट वाचून थांबतो आणि उरलेले १८ पुढच्या संदेशाची लांबी म्हणून वाचायला लागतो. आधी बाइट करा, मग लांबी मोजा. वाचताना पूर्ण लांबी जमेपर्यंत थांबा आणि त्यानंतरच अक्षरांत रूपांतर करा, कारण तुकडा अक्षराच्या मध्येच पडू शकतो. लांबीला वरची मर्यादा घाला, आणि पुन्हा जोडल्यावर जुना बफर रिकामा करा.

दुरुस्ती खरी की नशिबाची

राजारामपुरीतल्या ऑफिसात हा बग दिसत नाही. क्लायंट आणि सर्व्हर एकाच लॅनवर असतात, मध्ये नॅट नसतं. लिनक्सचा राऊटर असला तरी त्याच्या कॉनट्रॅकची (कनेक्शनच्या तक्त्याची) मूळ मुदत ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस. म्हणून मरण मुद्दाम घडवावं लागतं.

क्लायंटचा प्रोसेस मारून चाचणी करू नका. कर्नल त्याच्या वतीने निरोप पाठवतो आणि सर्व्हरला लगेच कळतं. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) रिजेक्ट लावू नका; त्याने क्लायंटला निरोप जातो आणि गुपचूप मरण घडत नाही. सर्व्हरवर त्या क्लायंटच्या पत्त्यासाठी येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही दिशांना ड्रॉप (पॅकेट गुपचूप टाकून देण्याचा नियम) लावा. विंडोजच्या मशीनची केबल ओढूनही तेच घडत नाही, कारण जोडणी गेल्याचं विंडोजला कळतं. मध्ये एक राऊटर ठेवा आणि त्याची बाहेरची केबल ओढा.

ड्रॉप लावून घड्याळ बघा. शांत कनेक्शन क्लायंटने ४५ सेकंदांच्या आत आणि सर्व्हरने ९० सेकंदांत सोडलं पाहिजे. मग नियम काढा, पुन्हा जोडू द्या, आणि या वेळी नोंद पाठवण्याच्या क्षणी फक्त सर्व्हरकडून जाणाऱ्या दिशेला ड्रॉप लावा. नोंद पोहोचेल, पोचपावती अडेल. नियम काढल्यावर तीच नोंद परत जाईल. सर्व्हरच्या टेबलमध्ये तिची एकच ओळ असली पाहिजे आणि क्लायंटची रांग रिकामी झाली पाहिजे. हीच चाचणी टीसी नेटेम या नेटवर्क मुद्दाम बिघडवणाऱ्या लिनक्सच्या साधनाने ४०० मिलिसेकंद उशीर आणि ५ टक्के पॅकेट गळती लावून घ्या. या अवस्थेत कनेक्शन तुटता कामा नये. तुटलं तर ठोक्याच्या उत्तराची मुदत १० वरून १५ सेकंद करा.

शेवटी सर्व्हरवर त्या प्रोसेसच्या उघड्या सॉकेटची संख्या दर पाच मिनिटांनी लॉगमध्ये लिहायला लावा. दुपारी दोन वाजता ती संख्या चालू असलेल्या मशीनच्या संख्येएवढी असायला हवी. चार दिवस दुपारचा आकडा चढत गेलेला दिसला, तर कुठेतरी एखाद्या वाटेवर सॉकेट बंद करायचं अजून राहिलं आहे.